तेरावं बटण

मी आठव्या दालनाचा पहारेकरी.
खुर्चीच्या उजव्या हाताला डचेस अदेल्गुंडा,
चौकटीसकट सव्वादोन मीटर उंच.
डाव्या हाताला, काचेच्या कपाटात,
चित्रात तिनं घातलाय तोच झगा.
फक्त आत ती नाही.

एकतीस वर्षं या दोघींच्या मधे बसलोय.

रविवारी एक खाटीक येतो,
सॅटिनच्या चुण्यांपाशी नाक नेऊन म्हणतो,
"चरबीवर उजेड अगदी असाच पडतो."
त्याच्याकडची ही सर्वांत मोठी दाद.
नाविक शाळेतली पोरं तिच्या गळ्याखाली रेंगाळतात.
मी खाकरतो.
तुल्यो नावाचा एक अकरा वर्षांचा, वहीत नुसत्या बाह्या काढतो.
चेहरा नाही, हात नाहीत,
बाह्याच बाह्या, फुगलेल्या.
घरी सांगतो, शिडं काढली.

आणि गुरुवारी ओंदिना क्रावोस.
त्रिएस्तेच्या मासळीबाजारामागं तिचं बटणांचं दुकान,
शिंपल्याची, शिंगाची, पितळी, मेलेल्या सैनिकांच्या कोटांची.
ओठ रंगवून येते. कोपरापर्यंत हातमोजे.
बोरा वाऱ्यापायी डोक्याला बांधलेला रुमाल
जिन्यातच सोडून पर्समधे कोंबलेला.
दारात क्षणभर थांबते,
जणू कुणीतरी तिचं नाव पुकारणार आहे.
"आज कशी दिसते?" मला विचारते.
कोण, ते मी विचारत नाही.
"छान," म्हणतो.

चित्रात बटणं तेरा. झग्यावर बारा.
पाटीवर आमच्या साहेबांनी छापलंय: एक गहाळ.
ते ओंदिनाच्या जिवाला लागलेलं.
दर गुरुवारी एक बटण आणायची,
काचेला टेकवायची, एक डोळा मिटायची.
"हे जरा निळं मारतंय."
"हे हिच्या आईच्या काळातलं."
"हे चांगलंय, पण हिच्या तोऱ्याला पुरायचं नाही."
मी हात लावू नका म्हणायचो, कारण म्हणावं लागतं.

फेब्रुवारीत कपाटातला दिवा बदलला.
नवा दिवा पांढरा, जरा उद्धटच.
त्या गुरुवारी ती आली, वाकली,
आणि बराच वेळ सरळच होईना.
मला वाटलं, पाठ भरली.

"काजं मोजलीस कधी?"
तिनं मला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली.
"बारा आहेत. तेरावं काजच नाही.
एकतीस वर्षं बसलायस इथं, आणि बटणंच मोजत होतास?"
मग हसायला लागली, भिंतीला हात टेकून,
रंगवलेले ओठ पार वाकडे होईतो.
"अरे, हरवलंय कुठं! कधी नव्हतंच!
त्या लबाडानं आपल्या पदरचं काढलंय.
चित्र संपत आलेलं, उद्यापासून ही यायची नाही.
म्हणाला असेल, बाईसाहेब, एक बटण राहिलंय,
आणखी एक सकाळ बसा."

आम्ही दोघं चित्राकडं बघत राहिलो.
तेरावं सर्वांत खाली आहे, कमरेशी,
आणि, आता दिसतं,
बाकी बारांवर मिळून जेवढं काम नसेल
तेवढं त्या एकावर केलंय.
त्यात खिडकी आहे. खिडकीत, बहुधा, तो.

साहेबांना आम्ही कळवलं नाही. पाटी तशीच आहे.
ओंदिना अजूनही बटण आणते.
आता कशाला, ते ती सांगत नाही
आणि मीही गुरुवारची पाळी
दर वर्षी कुणाकुणाशी अदलाबदल करून का मागतो, ते सांगत नाही.

परवाच्या गुरुवारी बोरा असा सुटला
की चौकात दोर बांधावे लागले, गाड्या बंद.
दिवसभर जिन्यावर पाऊल वाजलं नाही.
संध्याकाळी वहीत आकडा भरायचा असतो.
दिवा मालवला, परत लावला,
आणि आठव्या दालनापुढं लिहिलं:
पाहणारे, एक.