चौतीस पायऱ्या

शाळेतून कागद आलाय :
'आपलं मूल कसं शिकतं? बघून, ऐकून, की करून?
योग्य त्या चौकटीत खूण करा.'
स्वरदाच्या आईने तो माझ्याकडेच धाडला.
तुम्हीच भरा बाई, चार ते सहा तुमच्याकडेच तर असते.

पेन उघडून बसले आहे.
एसी घरघरतोय.
बंद केला तर स्वरदाला ऐकू येतं,
चालू ठेवला तर बाकीच्यांना जगता येतं.
सोहारच्या जूनमध्ये ऐकून शिकणं परवडत नाही.
म्हणून ती धडा मोबाईलवर आपल्याच आवाजात भरते
आणि नळाचं कढत पाणी बादलीत निवेपर्यंत
न्हाणीघरात बसून ऐकते.

अलीम मुकादम बसतच नाही.
त्याला मी जिना दिला.
खालच्या बकाल्यापासून आमच्या दारापर्यंत चौतीस पायऱ्या,
पायरीला एक मूलद्रव्य.
हायड्रोजन लबनच्या फ्रीजपाशी,
सेलेनियमला धापा टाकत बेल.
सतराव्या पायरीवर जिना वळतो.
क्लोरीन तो तिथेच विसरतो, रोज,
आणि शेजारचे मलबारी काका दार किलकिलं करून
'क्लोरीन, मोने' म्हणतात.

आन्सेल तुस्कानो बाण काढतो.
रक्ताभिसरण त्याने राउंडअबाउटसारखं काढलं,
निळ्या गाड्या आत, लाल गाड्या बाहेर,
एक टँकर झडपेत अडकलेला.
बाणांना मार्क नसतात.
मग मी त्याला वाक्यं लिहायला बसवते,
आणि तो माझ्याकडे असं बघतो
की मीच उठून चहा ठेवते.

स्वरदाचं काय लिहू?
ऐकून, असं म्हणायला जावं
तर परवा तिनेच खुबूसच्या घड्या घालून
त्रिकोण सोडवला,
तेलकट बोटांनी, चकार शब्द न काढता.

मला कुणी विचारलं नव्हतं.
आले त्या वर्षी गाड्यांच्या पाट्या वाचायचे,
ह्यांची शिफ्ट सुटेपर्यंत.
त्यांचा दोन आपल्या दोनसारखा,
तीन तर मावसभाऊच.
पाच मात्र हुबेहूब आपलं शून्य.
दवाखान्यात टोकन मिळालं, त्यावर ते.
शून्य नंबरची बाई म्हणून मी बसून राहिले
अडीच तास.
माझ्या नावाची नाही, आकड्याची हाक
केव्हाच होऊन गेली होती.
शेवटी नर्सने पंजा पसरून
माझ्या डोळ्यांसमोर धरला.

बघून? ऐकून?
लाजेने शिकले.
त्याची चौकट छापलेली नाही.
अजूनही कुणाच्या पेपरवर शून्य लिहिताना
हात जरा रेंगाळतो.

कागदावर खूण नाही केली.
समासात लिहिलं :
'एसी बंद असेल तेव्हा ऐकून. भूक लागली असेल तेव्हा हातांनी.
उरलेलं अजून कळलेलं नाही.'

जिन्यात पावलं.
पंधरा. सोळा.
काकांचं दार वाजलं नाही आज.

बेल.