दुप्पट करून तीस

आईचा ताप मी एकोणचाळीस लिहिला
आणि पाठवला पुलापलीकडे.
अकरा वर्षांत रेइनोला पाठवलेला पहिला शब्द,
तोही शब्द नव्हे, आकडाच.

आमच्या मधे रेनी नदी,
जानेवारीत चालत ओलांडावी इतकी घट्ट.
या काठाला फोर्ट फ्रान्सिस, माझी सेल्सियसची खिडकी.
त्या काठाला कागद कारखान्याची चिमणी
आणि तिच्याखाली फॅरनहाइटमध्ये मुरलेला माझा भाऊ.
मी शून्य म्हणते तेव्हा पाणी गोठतं,
तो शून्य म्हणतो तेव्हा गाडी सुरू होत नाही.
भांडण मात्र अंशांचं नव्हतं.
तळ्याकाठच्या सौनाचं होतं,
बाबांनी बांधलेला, मी विकलेला,
त्याला न विचारता.

लहानपणी त्यानेच शिकवलं होतं, काचेवरच्या वाफेत बोटाने लिहून:
दुप्पट कर, तीस मिळव, झालं.
शाळेतल्या बाई सांगायच्या, नवाने गुणा, पाचाने भागा, मग बत्तीस.
त्याला कुठला एवढा धीर!
दहा अंशांवर त्याचं उत्तर तंतोतंत जुळायचं,
मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी.
तिथून जितकं लांब जाल तितकी चूक वाढते
हे त्याला ठाऊक होतं. मनावर घेतलं नाही कधी.

रात्री सव्वादोनला त्याने एकोणचाळीसची दुप्पट केली,
तीस मिळवले.
एकशे आठ.

टोपी न घालता निघाला.
पुलावरच्या चौकीत पोराने विचारलं, सोबत काय आणलंय?
"एकशे आठ," म्हणाला.
पोराने त्याच्या उघड्या कानांकडे पाहिलं
आणि दांडी वर केली.

दार उघडलं तर भुवयांवर बर्फ.
"गेली?"
"झोपलीय. एकोणचाळीस म्हणजे एकशे दोन, गाढवा."
तो बुटांसकट पायपुसण्यावरच बसला.
हसत होता की काय, मी पाहिलं नाही,
कॉफीचं भांडं चढवलं.

मग स्वतः बघायचं म्हणून
त्याने आईच्या काखेत जुना पाऱ्याचा थर्मामीटर धरला.
पाच मिनिटं कुणीच बोललं नाही.
थर्मामीटरला आईबद्दल काही माहीत नसतं.
त्याला फक्त स्वतःचं कळतं.
तो तिच्या कुशीत पडून राहतो, तिच्याकडून घेतो
थोडंसंच, तिला जाणवणारही नाही एवढं,
आणि घेण्यादेण्यासारखं काही उरलं नाही
की पारा थांबतो.
त्या थांबण्यालाच आपण ताप म्हणतो.

"हात गार आहेत," आई डोळे न उघडता म्हणाली.
"रेइनो ना?"
तिचा एक हात त्याच्याकडे गेला.
दुसरा संध्याकाळपासून माझ्याकडेच होता.

शाळेत घोकलं होतं:
दोन वस्तू तिसरीशी समतोलात असतील
तर त्या एकमेकींशीही असतात,
शिवल्या नाहीत तरी.
तेव्हा वाटलं होतं, यात नियम करण्यासारखं काय आहे.
त्याचे हात ऊन व्हायला
बराच वेळ लागला.
सौनाचं नाव कुणी काढलं नाही.

पहाटे तो खिडकीशी गेला.
बाहेरचा तापमापक लाल स्पिरिटचा,
पारा इथे या दिवसांत स्वतःच गोठतो.
"किती?"
"उणे चाळीस."
"म्हणजे तुझ्याकडचे?"
त्याने काचेवर बोट टेकलं.
दुप्पट केली, तीस मिळवले, उणे पन्नास आले.
तळव्याने पुसलं.
मग नवाने गुणलं,
पाचाने भागलं, ओठ हलवत,
बत्तीस मिळवले,
आणि बोट तिथेच राहिलं,
खालून काच वितळून एक ओघळ गेला.

"तेवढेच," म्हणाला.

कॉफी तोवर खोलीइतकीच ऊन उरली होती.
तशीच प्यायलो.