उणे सत्तावन्न

रात्रीचे पावणेदोन. विडी घरकुल.
पत्र्यांत अजून दुपार शिल्लक.
गच्चीवर टाकीला पाठ लावून बसलोय,
टाकी रिकामी, पाणी परवा.
मांडीवर जुना लॅपटॉप, ‘एस’चं बटण निघालेलं,
खालच्या रबरावर नख टेकवावं लागतं.

आधी सुडो.
म्हणजे यंत्राला सांगायचं, मला अधिकार आहे.
ते पासवर्ड मागतं,
टाइप करताना एक ठिपकाही दाखवत नाही,
आणि मग विश्वास ठेवतं.
मग स्कॅन. एंटर.

काळ्या पडद्यावर गल्ली उतरते,
हवेत जो जो आपलं नाव पुकारतोय तो तो, ओळीनं:
येमुल टॉवेल्स, पहिला मजला.
बिंगी ट्यूशन.
गफूरभाई पंक्चर, चॅनेल सहा.
‘पासवर्ड विचारू नये’, चॅनेल सहा.
‘मल्लम्मा प्रसन्न’, तेही सहा.
सगळी सहावरच, एका शेडमधल्या मागांसारखी,
कुठला खडखडाट कुणाचा ते मालकालाही कळू नये.
एकाला नावच नाही, रिकामी जागा,
आवाज मात्र खणखणीत.

पुढे आकडे, सगळे शून्याच्या खालचे.
इथे अधिकात कुणीच नसतं.
जो जवळ, त्याचं उणं कमी, इतकंच.
शेजारचे येमुल उणे अडतीस,
कोपऱ्यावरचा गफूरभाई उणे अठ्ठ्याऐंशी,
एका स्कॅनला असतो, पुढच्याला नसतो.

आणि मधेच, उणे सत्तावन्न:
नाना-गुंडेटी.

नाव मीच दिलेलं.
गेल्या महिन्यात लाईट गेली तेव्हा
त्यांच्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला.
त्यांना तो बंद करता येत नाही. मी विसरलो.
पण नाना तर रात्रपाळीला,
अक्कलकोट रोड, एमआयडीसी, चार किलोमीटर.
साडेनऊला हँडलला डबा अडकवून गेले.
चार किलोमीटरवरून असलं काही ऐकू येत नाही.

फोन विसरले असतील.
खाली जाऊन बघितलं. खुंटी, खिडकी, देवाचं कपाट.
पुन्हा वर. पुन्हा सुडो.
शेवटचं दिसलं: ऐंशी मिलिसेकंदांपूर्वी.
लॅपटॉप उचलून पूर्वेला गेलो, उणे एकाहत्तर.
पश्चिमेला,
जिथे खाली बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची पायरी आहे,
उणे एकोणपन्नास.

कठड्यावरून वाकलो नाही.
वाकलो असतो तर सायकल दिसली असती.
सुडो म्हणताना
कशाकशाचा अधिकार मागितला होता मी?

मग पाच-पाच मिनिटांनी स्कॅन करत राहिलो,
आजाऱ्याची नाडी बघावी तसा.
पन्नास. पन्नास. चौपन्न, कूस बदलली असेल. पन्नास.
चारला एकदा यादीत नव्हते.
मी उभाच राहिलो.
पुढच्या एंटरला परत आले.
साडेपाचला बॅटरी संपली. माझी आधी.

सातला नाना आले. डबा रिकामा.
“दोन मागांवर रात्रभर धागा तुटत होता,” म्हणाले,
“सूतच कच्चं.”
मी म्हणालो, “हं, उन्हानं होतं तसं.”
त्यांचा फोन चार्जिंगला लावला.
तेव्हाच हॉटस्पॉट बंद करायचा होता.
केला नाही.

अम्मा सूप मांडीवर घेऊन पानं कापत होती.
पाळीवरून आले की ती त्यांच्या खांद्यावरून हात फिरवते,
शर्टावरचं सूत, केसांतला कापूस झटकते.
वीस वर्षं.
आजही फिरवला.
झटकायला काहीच नव्हतं.
हात तसाच राहिला थोडा वेळ.

नाना मोरीत गेल्यावर
कात्री न थांबवता मला म्हणाली,
उद्यापासून डब्यात एक भाकरी जास्त घालू.
गिरणीपाशी कुत्री फार आहेत.