हात आखडता

मुतेन्यो म्हणतो, गिअर दात खातो.
पहिला टाकला की खाडकन,
कुणी रागानं पत्र्याचं दार लोटावं तसा.
आणि न्यूट्रल? ते तर बुडुडाच्या चढावर
मागे कॉफीची दोन पोती असताना
आजवर कुणाला सापडलेलंच नाही.
लिव्हर दाबून उभा राहिलो तरी, म्हणतो,
गाडी हट्टी बोकडासारखी
इंच इंच पुढेच.

या महिन्यातली ही तिसरी खेप.

पहिल्यांदा केबल बदलली.
लिव्हरपाशी तिच्या तारा उसवल्या होत्या,
सातातल्या तीन शिल्लक.
मला वाटलं, झालं काम.

दुसऱ्यांदा तेल काढलं.
लॉरीचं ओतलं होतंस ना?
स्वस्त मिळालं, म्हणाला.
थंड झालेल्या मटोकेसारख्या
प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या.
पैसे देताना त्यानं नोटा एकाच हातानं मोजल्या,
गुडघ्यावर ठेवून, एकेक, सावकाश.
मी मनात म्हटलं, हात आखडता आहे याचा.

आज पूर्ण उघडली.
गिडुडूनं थाळीत स्क्रू मांडले,
काढले त्या क्रमानं, ओरडावं लागलं नाही.
बास्केटच्या बोटांवर खाचा पडल्या होत्या,
प्लेटा तिथं अडकतात, सुटायचं विसरतात.
कानस घेतली. घासलं. अंगठा फिरवला. पुन्हा घासलं.
स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून पाहिल्या,
खालून उजेडाची रेघ येते का.
नाही आली. सरळ होत्या, बिचाऱ्या.
स्प्रिंगा मापल्या. चारही सारख्या.

मग मीच एक फेरी मारली, बाजारापर्यंत.
गिअर असा पडत होता
की पायाला कळावं, कानाला नाही.
सिग्नलपाशी न्यूट्रल आपणहून समोर आलं.

खुशीत परत दिली.
मुतेन्यो बसला. पहिला टाकला.
खाडकन.

गिडुडू हसला : गाडी माणूस ओळखते, उस्ताद.

तेव्हा मी पाहिलं.
एवढ्या उन्हात हातमोजा,
तोही एकट्या डाव्या हाताला.
लिव्हर अर्ध्यावर येऊन थांबलेली,
आणि मोज्याची दोन बोटं
कापूस भरल्यासारखी ताठ,
कशालाच धरत नव्हती.

गेल्या हंगामात त्याच्या भावाकडे
कॉफी सोलायचं यंत्र आलं, हे मला माहीत होतं.
नवं आहे, जोरात चालतं, हेही.
महिनाभर मी अर्ध्या मिलिमीटरनं यंत्र मोजत होतो,
आणि वीतभर अंतरावरचा हात
दिसला नव्हता.

त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
गिडुडूला चहा आणायला पिटाळलं,
लांबच्या टपरीवर. जवळचा पाणचट असतो, म्हटलं.

ओतीव लिव्हर वाकत नाही, तुटते.
भंगारातून एक जुनी पोलादी शोधली,
तापवली, मुठीकडे वाकवली,
उरलेल्या दोन बोटांना पोचेल एवढी.
केबलची ढील काढत आणली
एका नाण्याच्या जाडीवर.
दाब, म्हटलं.
दाबली. मागचं चाक मोकळं फिरलं.
त्यानं माझ्याकडे नाही, चाकाकडे पाहिलं,
बराच वेळ.

ऐक, म्हटलं, फुकट काही होत नाही.
इतकी कमी ढील ठेवली की प्लेटा लवकर झिजतात.
लिव्हरवर बोटं टेकवून चालवू नकोस.
दर दोन महिन्यांनी येऊन दाखवायची.
किती? त्यानं विचारलं.
कानशीचे दे. लिव्हर भंगारच होती.
नोटा गुडघ्यावर ठेवून मोजू लागला.
मी पान्हे पुसत राहिलो, मोजून होईस्तोवर.

वनालेच्या कड्याखाली रस्ता वळतो
तिथं दुसरा टाकावाच लागतो.
मी कान देऊन उभा.
काहीच ऐकू आलं नाही.

गिडुडू चहा सांडत आला.
काय निघालं शेवटी, उस्ताद?

केबल, म्हटलं.
जरा ढिली होती.