दोन जून

निवृत्तांची यादी छापून आली, एकतीस मेची.
त्रेचाळीस नावं. कुणाचीच तक्रार नाही.
महापालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर
झेरॉक्सच्या बाजूला माझं टेबल, कंत्राटावरचं.
मी चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी हैबती केंगार आले,
पाणीखात्यातले चावीवाले.
गुरुवार पेठेचे व्हॉल्व्ह एकतीस वर्षं त्यांच्या हातात :
पहाटे साडेपाचला सोडायचे, साडेआठला आवळायचे.
पिशवीतून शाळेचा दाखला काढला, लॅमिनेट केलेला.
म्हणाले, "मॅडम, तुम्ही मला एक दिवस आधी जन्माला घातलं."

दाखल्यावर दोन जून, अंकी आणि अक्षरी.
स्क्रीनवर एक.

यादीत इतर बहुतेक एक जूनचीच लेकरं.
मास्तरांनी हात डोक्यावरून घ्यायला लावला,
बोट पलीकडच्या कानाला लागलं
की लिहून टाकायचं : एक जून.
आणि पहिल्या तारखेला जन्मलेल्यानं
आदल्या महिनाअखेरीस घरी जायचं, असा नियम.
माझ्या प्रोग्रॅमनं त्या सगळ्यांना
एकतीस मेचं करून ठेवलं होतं,
तरी ती एकतीस मेलाच घरी जात होती.
खोटी तारीख चुकली
आणि हिशोब बरोबर आला.

अडकला तो खऱ्या तारखेचा माणूस.
दोनची एक झाली की
अख्खा जून जातो, जूनचा पगार जातो.

"मास्तर माझंबी एक जूनच मांडत होते," हैबती म्हणाले,
"आई उंबऱ्यातनं हलंना.
कोयना हलली त्याच्या आदल्या साली,
वटपुनवेच्या तोंडावर, बुधवारी न्हाई,
बेस्तरवारी पहाटं झालाय, म्हणाली.
शेवटी त्यांनी जुनं कॅलेंडर काढलं."

संध्याकाळी कोड उघडला.
चूक माझीच होती, फेब्रुवारीतली, नीटनेटकी.
पाठवायची होती नुसती तारीख;
मी तिच्या मनगटाला घड्याळ बांधलं.
दोन जून, रात्रीचे बारा, पुणे.
पलीकडे डेटाबेस ग्रीनिचच्या वेळेवर बसलेला.
त्यानं साडेपाच तास वजा केले :
एक जून, संध्याकाळचे साडेसहा.
रकाना फक्त तारखेचा, म्हणून साडेसहा छाटले.
उरला आदला दिवस.
कुठे लाल अक्षर नाही, इशारा नाही.
बेस्तरवार मुकाट बुधवारात उतरला,
चावी सैल राहिली की
एका पेठेचं पाणी दुसरीत जातं, तसा.

आता तारीख तारीख म्हणूनच जाते.
वर्ष, महिना, दिवस. तास नाही,
कुणाच्या मध्यरात्रीशी तिचं देणंघेणं नाही.
वाक्यात डकवत नाही तिला,
तिच्यासाठी राखलेल्या जागेत ठेवते,
परत मागवते, दाखल्याशी ताडते.
अकरा हजार नोंदी दुरुस्त केल्या.
एक जूनवाल्यांना त्यांची खोटी तारीख
खरी करून परत दिली.
चाचणीसाठी एकच नोंद कायमची ठेवली,
तिचं नाव : बेस्तरवार.

हैबती सही करायला आले तेव्हा
अवलंबितांचं पान उघडलं.
आई : तान्हूबाई. जन्मतारीख :
एक जानेवारी एकोणीसशे सत्तर, पहाटे साडेपाच.

मी गप्प. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.
"म्हणजे मी तिच्यापेक्षा थोरला," म्हणाले,
आणि हसले, पोट धरून,
झेरॉक्सवाला वळून बघेपर्यंत.
मग शांतपणे, "तिची कुणी लिहूनच ठेवली न्हाई.
वेळ मात्र पाणी सोडायची घातलीत."

रिकाम्या जागेला यंत्र शून्य समजलं होतं,
आणि पुण्यात शून्य पहाटे साडेपाचला उजाडतं.
मी तो आकडा पुसला.
तिथे आता काहीच नाही,
आणि काहीच नाही हे
नीट लिहिलेलं आहे.