सांध्यातली फट

पाचोऱ्यात जामनेर रोडला माझं दुकान.
पाणबुडी मोटारी भरून मिळतील.
दिवसभर तांब्याची तार, वार्निशचा वास,
केळीवाल्यांची घाई.
संध्याकाळी शटर अर्धं ओढलं की
खिशातून, डब्यातून, एकदा तर मोज्यातून
निघतात तळहाताएवढी इंजिनं.
आणि प्रश्न.

मिस्तरीणबाई, चालता चालता थबकतं हो.
चाकं पुसली?
पुसली.
कशानं?
पॉलिश पेपरनं.
अरे भाऊ, ओरखड्यात तर मळ बसतो.
जुन्या बनियनचा तुकडा घे, स्पिरिटचा थेंब घे,
आणि रूळ असा पूस, जसा चष्मा पुसतोस.

नगरदेवळ्याच्या इंगळे सरांनी गिअरला खोबरेल घातलं.
जानेवारीत गोठलं.
शेवटी बाईंनी ओट्यावरच्या उन्हात
बाटलीशेजारी इंजिनही मांडलं.

भडगावच्या मेडिकलवाल्या हर्षलची गाडी
वळसा घेऊन आपल्याच वाटेवर परत येते
आणि ट्रान्सफॉर्मर ठप्प.
डावा रूळ फिरून उजव्याला भिडतो, त्याला सांगितलं,
तिथं दोन्ही कापायचे, मधे प्लॅस्टिकचा तुकडा.
एवढी महागाची लाईन कापू?
काप.

हे सगळं सोपं.

मुबारक तडवी पीजेवर गँगमन होते, एकतीस वर्षं.
छोटी लाईन बंद पडली तेव्हा
घराच्या पत्र्याच्या माळ्यावर त्यांनी ती पुन्हा टाकली,
वरखेडी, शेंदुर्णी, पहूर,
पिवळ्या पाट्या, पाट्यांवरचे पोपडेसुद्धा.
पहूरच्या पुढे गाडी मलूल व्हायची.
मी मीटर लावला. पाचोऱ्यात बारा व्होल्ट, जामनेरात आठ.
सांध्यासांध्यातून थोडं थोडं सांडत होतं.
सगळे सांधे डाख देऊन टाका, मी म्हणाले.
त्यांनी दिले. एकशे सोळा.
हात कापतो त्यांचा, तरी एक थेंब बाहेर नाही.

दिवाळीत गाडी जामनेरला पोचली.
मला बर्फीचा पुडा आला.

मेमध्ये फोन.
"गाडी पडू राह्यली ओ बाई. शेंदुर्णीच्या अलीकडं."

माळ्यावर चढले. वर पत्रा चुलीसारखा,
खाली प्लायवूड सुकून आक्रसलेलं,
त्यावर पितळ पसरलेलं,
आणि जायला कुठंच जागा नाही म्हणून
नाल्यापाशी रूळ
सापासारखा उठून बसलेला.

दोघंही बघत राहिलो.
मग ते हसले, आधी नुसते नाकातून.
"एकतीस वर्षं पातं घालून फट मोजली मी.
मे महिन्यात किती, डिसेंबरात किती, झोपेत विचारा.
अन् इथं वाटलं, एवढ्याशा रुळाले कसलं ऊन."
सांगितलं तर मी होतं.
"तुम्ही मोटारीवाल्या. मले ठाऊक होतं."
हे त्यांनी मला सोडवायला म्हटलं
की अडकवायला, अजून कळलेलं नाही.

चार-चार सांधे सोडून एकेक डाख उकलला.
नातीच्या शाळेच्या ओळखपत्राची जाडी, तेवढी फट.
खालून मी मोटारीची उरलेली तार फिरवली,
वीज खालून जाईल,
वर पितळाला हवं तेवढं अंग ताणू द्या.
घाम माझ्या मीटरच्या काचेवर पडत होता.

मग गाडी सोडली.
खट्.
थोडं थांबून, खट्.
दिवाळीत हा आवाज नव्हता.

तडवीचाचा गाडीकडे बघत नव्हते.
भिंतीला टेकून, डोळे मिटून, बोटं हलत होती.

पहूरला शेवटचा डबा सुटून मागं राहिला.
कपलिंग खाली आलंय, मी म्हणाले, पक्कड द्या.
"थांबा," ते म्हणाले,
"अजून अकरा राह्यले."