सत्तर गुण

विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशोब मांडते:
नोकरी देणारा आहे, वीस.
काम शिकल्या हातांचं आहे, वीस.
इंग्रजी येतं, दहा.
पन्नास झाले, आणि पेन थांबलं.
उरलेले वीस पगाराचे
आणि पगार आठशे चाळीस पौंडांनी बुटका.

बर्स्लेममध्ये पाचलाच अंधार पडतो.
हीटर अर्धा तास, मग शाल.

गुण हा शब्द माझ्या ओळखीचा.
आईनं पत्रिका नेली तेव्हा छत्तीसपैकी एकोणतीस जुळले होते,
तिसऱ्या वर्षी छत्तीसाचा आकडा तेवढा उरला,
तीन एकीकडे तोंड करून, सहा दुसरीकडे.
आत्या म्हणाली, पोरीचा पायगुण.
गृहखात्याच्या अर्जात पायगुणाला रकाना नाही,
एवढं मात्र त्या लोकांचं चांगलं.

हातगुणालाही नाही.
भद्रावतीला बाबा भट्टीतून निघालेल्या मडक्यावर टिचकी मारायचा,
डोळ्यानं नको, म्हणायचा, कानानं पाह्य.
मी इथे कपांवर तेच करते,
झिलईत केसाएवढी चीर असली तर
आवाज बसका येतो.
याचे किती धरायचे?

वाढवता येतील का, तेही बघितलं.
नागपूरला माझी पीएच.डी. चार प्रकरणांवर अडलीय,
शिशाविना झिलई,
गाइड निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले.
ती पुरी असती तर थोड्या कमी पगारातही भागलं असतं.
फाइल उघडली. पहिल्याच पानावर उपकारांची यादी,
त्यात नवऱ्याचं नाव.
बंद केली.

इंग्रजीच्या परीक्षेत विचारलं होतं, एका प्रवासाचं वर्णन करा.
केलं. दहा मिळाले.
डेनिस मला रोज सकाळी 'डक' म्हणते,
पहिला महिनाभर मी बदक समजून गप्प होते.
ते कळण्याचे गुण कुणी देत नाही.

मग सोमवारी कोलक्लॉच्या केबिनमध्ये गेले.
आठशे चाळीस, म्हटलं, वर्षाला.
तो खिडकीबाहेर बघत राहिला,
तिथे विटांची एक जुनी भट्टी आहे, बाटलीसारखी,
तिच्या तोंडातून आता झुडूप उगवलंय.
गॅसचं बिल पाहिलंस का, म्हणाला.
पाहिलं होतं. मीच तर भट्टी लावते.
बघतो, म्हणाला.

गुरुवारी पत्र आलं. नवा पगार, सही, शिक्का.
मी पुन्हा बेरीज केली, बोटांवरही केली.

बाबाला फोन लावला.
कितीपैकी किती?
सत्तरपैकी सत्तर.
पैकीच्या पैकी! मागे चाक थांबल्याचा आवाज आला,
तो कुणाला तरी ओरडून सांगत होता,
पोरगी पहिली आली.
बाबा, सत्तरला इथे नुसतं पास म्हणतात,
एकोणसत्तरला नापास,
हे सांगायचं राहिलं.
राहू दिलं.

शुक्रवारी डेनिस दिसली नाही.
शनिवारी बाजारात भेटली, हातात ओटकेकची पुडी,
ओटकेक म्हणजे आपलं धिरडंच, फक्त ओटच्या पिठाचं.
सहातले दोन मला दिले.
माझे शुक्रवार कापले, म्हणाली, गॅस महाग झालाय ना.
एकोणतीस वर्षं ती तिथे कपांना कान लावते.
तुझं झालं का गं कागदाचं, डक?

झालं, म्हणाले.

घरी आले. ओटकेक तव्यावर टाकले.
बिलामागची बेरीज अजून टेबलावर होती,
त्या शेवटच्या वीसांवर पेनाचं टोक ठेवलं
आणि काही लिहिलं नाही.
चहा प्यायले. रिकाम्या कपावर टिचकी मारली,
मग दुसऱ्यांदा,
कान जवळ नेऊन.